शनिवारचे चार जण

३ फेब्रुवारी

धाकटे,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी इथे लेकीकडे ठणठणीत आहे. लेकीने माझा फोन काढून घेतलाय, एवढंच. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा नाही झाला तोवर मी पलंगावरून मिनीबस पोचली का, किटली घासली का, हे विचारत सुटले, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनीही तिचीच री ओढली. पत्र लिहिताना माणूस निदान आडवा राहतो, म्हणून त्याला तेवढी परवानगी आहे. टपालाची तिकिटं जावई आणून देतो.

तर सोमवारपासून तीन महिने तळ्यावरचं केंद्र तुझ्या हाती. बिस्किटांच्या कारखान्यात दहा वर्षं तू कुठल्या दिवशी किती डबे आणि कुठला ट्रक हे ठरवत होतीस. कारखाना बंद पडला म्हणून तुझी अक्कल काही बंद पडली नाही. मी समितीला तसंच सांगितलंय.

मंगळवारी सावकाश चालणारे येतात. हृदयाच्या दुखण्यातून उठलेली माणसं, तळ्याला एक फेरी मारायची. त्यात एक शिंपीकाका आहेत, ते शर्यत असल्यासारखे पुढे पळतात, त्यांना आवरायचं. गुरुवारी वाफ्यांवर काम. मन खचलेले, झोप उडालेले लोक, डॉक्टरांनी ‘जरा मातीत हात घाला’ म्हणून पाठवलेले. त्यांना ‘कसं वाटतंय?’ असं चुकूनही विचारू नकोस. ‘हे रोप धरता का जरा?’ म्हणायचं. शनिवारी सकाळी तळ्याकाठी तासभर गप्प बसणारे. त्यांचं माळीणबाई आणि ड्रायव्हरदादा बघतात. शनिवारी तुला सुट्टी, तू फिरकूसुद्धा नकोस.

बाकी सगळं लाल वहीत आहे. वाचता आलं तर वाच.

भाऊजींना विचारलंय म्हणून सांग.

तुझी
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

लाल वही वाचली. ‘डगले – त्या बाईंना विचारणे.’ कोणत्या बाईंना, वहिनी? ‘मोठी किल्ली नेहमीच्या जागी.’ नेहमीची जागा तुम्हाला माहीत, मला नाही. दीड दिवस शोधली. किटलीत होती.

पहिल्या मंगळवारी गमबूट वाटायला काढले तर एकोणीस डावे आणि अकरा उजवे. मी माळीणबाईंना म्हटलं, इथे येणाऱ्यांना पाय किती असतात? त्या म्हणाल्या, “वहिनी असताना पुरायचे.” आता जोड्या लावल्यात, मापाप्रमाणे रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. हिरवी सात नंबरला, पिवळी आठला. शिंपीकाकांच्या खांद्यावर प्रथमोपचाराची पिशवी दिली आणि सांगितलं, पिशवी कायम सगळ्यांच्या मागे असते, असा नियम आहे. नियम मी तिथल्या तिथे केला. काका आता राजासारखे सगळ्यांच्या शेवटी चालतात.

गुरुवारी एका बाईंना मी ‘कसं वाटतंय?’ विचारून बसलेच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने एक रोप त्यांच्या हातात कोंबलं. बिस्किटं बरी होती हो, उलटून बघत नव्हती.

आता कामाचं. शनिवारच्या पानावर नावं नाहीत, नुसते आकडे. एक, दोन, तीन, चार आणि पुढे बरोबरच्या खुणा. गेल्या दोन वर्षांत चाराचे पाच झालेले नाहीत. चार माणसांसाठी बस, ड्रायव्हर आणि माळीणबाई, तीही अख्खी सकाळ! आणि इकडे रुग्णालयातल्या अकरा परिचारिका शनिवारच्या गटासाठी नावं देऊन चार महिने ताटकळल्यात. मी ठरवलंय. येत्या शनिवारपासून गप्प बसणं बंद, परिचारिकांचा गट सुरू. चौघांना हवं तर गुरुवारी यावं, वाफ्याशी गप्प बसायला कोणाची ना नाही.

ड्रायव्हरदादांना विचारलं, हे चौघं कोण? म्हणाले, “चार माणसं आहेत.” एवढंच.

हे बरे आहेत. कंबर तशीच आहे.

तुमची
धाकटी

१५ फेब्रुवारी

धाकटे,

गमबुटांबद्दल तुझं तोंड गोड करायला हवं. अकरा वर्षं मला वाटायचं की इथल्या लोकांनाच डावं-उजवं कळत नाही. शिंपीकाकांचं वाचून इतकी हसले की टाके ओढले गेले आणि लेक धावत आली.

पण शनिवार बंद करू नकोस. बाकी काय वाटेल ते बदल. बस रंगव, वही जाळ, माझं टेबल बाहेर काढ. शनिवार तेवढा राहू दे.

कारण विचारू नकोस. तिथे येणाऱ्यांना मी शब्द दिलाय की कोण येतं ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही. म्हणून आकडे. सगळ्यात जवळच्या माणसालाही सांगायचं नाही, असाच तो शब्द आहे.

पत्र वेळेत पोचू दे म्हणजे झालं.

वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र काल पोचलं. परिचारिकांचा गट परवाच्या शनिवारी सुरू झालासुद्धा. अकरापैकी नऊ आल्या. त्यातल्या दोघी तळ्याकाठी चटई टाकून सरळ झोपल्या. त्यांच्या मुख्य परिचारिका म्हणाल्या, “झोपू द्या, त्यांच्यासाठी हेच औषध आहे.” आता सांगा, ह्यांना परत पाठवू? चार आकड्यांसाठी? तुम्ही कारण सांगणार नाही आणि मी तक्त्यात ‘वहिनींनी शब्द दिला आहे’ असा रकाना कुठे करू?

रागावू नका. तुमचं मन मोडायचं नव्हतं.

घरचं म्हणाल तर तुमच्या दिरांना काय झालंय कळत नाही. शनिवारी सकाळी साडेसहाला उठले, आंघोळ केली, बूट घातले आणि दाराशी उभे राहिले. मी विचारलं, कुठे? “कुठे नाही.” बूट काढले. मग स्वयंपाकघरातलं कपाट रिकामं केलं. परत लावलं. पुन्हा रिकामं केलं. मी म्हटलं, तुमचं न्हाव्याकडे जायचं राहिलं ना आज? दर शनिवारी दोन तास लागतात त्यांना न्हाव्याकडे. डोक्यावर केस मोजून दीडशे असतील, पण न्हावी गप्पिष्ट आहे म्हणतात. तर माझ्यावर खेकसले. वहिनी, सोळा वर्षांच्या संसारात हे माझ्यावर खेकसलेले नाहीत. मीच खेकसते.

शाळेची बस चालवणं सोडून डेपोच्या ऑफिसात बसायला लागल्यापासून हे असेच मिटून असतात. कंबर दुखते म्हणून टेबलाचं काम मागून घेतलं, पण टेबलाशी बसून कंबर काही सुधारली नाही. मी रोज रात्री मलम चोळते.

तुमची
धाकटी

२४ फेब्रुवारी

धाकटे,

रागावले नाही. परिचारिकांना परत पाठवू नकोस, त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

तुझ्या तक्त्यासाठी सांगते, त्या तासाला काय घडतं. काहीच नाही. एका गृहस्थांचा पहिला दिवस सांगते. बसमधून उतरायलाच दहा मिनिटं लागली त्यांना. स्टुलावर बसले आणि तासभर पाण्याकडे बघत राहिले. जाताना म्हणाले, “पुढच्या शनिवारी असतं का हे?” मी म्हटलं, असतं. त्यावर ‘नक्की?’ असं तीनदा विचारलं. त्या तीन ‘नक्की’ना मी जे उत्तर दिलं, त्यावर ते जवळजवळ एक वर्ष येताहेत. आणखी काही सांगत नाही. एवढंही जास्त झालं.

आणि बाई गं, भाऊजींना नीट विचार. ‘कंबर कशी आहे?’ असं नव्हे. काय झालंय, असं विचार आणि मग जरा थांब. तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस. लग्न होऊन आलीस तेव्हापासूनची सवय आहे तुझी.

मी आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. आमच्या ह्यांना इथे जावयाबरोबर बुद्धिबळ मिळालंय, त्यामुळे त्यांना घरी यायची घाई नाही.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. “काय झालंय?” म्हटलं आणि थांबले. खरंच थांबले, मनात वीसपर्यंत आकडे मोजले. हे म्हणाले, “कंबर.” झालं समाधान?

पण एक आनंदाची गोष्ट. स्वारी रुळावर आली आहे. गेले दोन शनिवार पुन्हा न्हाव्याकडे जायला लागले. आता तर चालत जातात, सहालाच निघतात आणि घामाघूम होऊन, पण हसतमुख परत येतात. केस होते तेवढेच दिसतात. मी काही बोलत नाही.

केंद्रात मात्र चोरी होते आहे. शनिवारी परिचारिकांचा गट दहाला येतो, त्यांच्यासाठी मी शुक्रवारी संध्याकाळी चोवीस घडीची स्टुलं मोजून रचते, सहाच्या चार थप्प्या. शनिवारी बघावं तर शेवटच्या थप्पीतली चार स्टुलं वेगळी रचलेली, पाय पुसलेले आणि जरा ओले. दोन शनिवार हेच. कोणी तरी नेतं, वापरतं, पुसतं आणि परत ठेवतं. असला टापटिपीचा चोर मी आयुष्यात पाहिला नाही. माळीणबाईंना विचारलं तर त्या आभाळाकडे बघून म्हणाल्या, “मला काय ठाऊक, बाई.” शेडची किल्ली त्यांच्याकडेच असते!

येत्या शनिवारी सकाळी सातलाच जाऊन दबा धरणार आहे. बघतेच कोण आहे ते.

तुमची
धाकटी

७ मार्च

धाकटे,

जावई कामासाठी तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते. त्याला बजावलंय की शुक्रवारी तुझ्या हातात पडलंच पाहिजे.

जाऊ नकोस, असं लिहून दोन कागद फाडले. हा तिसरा.

जा. पण माझी एक अट आहे. तळ्याकाठी पोचल्यावर काहीही दिसलं, कोणीही दिसलं, तरी तोंड उघडायचं नाही. ‘अगं बाई’ नाही, ‘अहो’ नाही, काही नाही. स्टूल घ्यायचं आणि घड्याळात आठ वाजेपर्यंत बसायचं. तिथला हा एकच नियम आहे आणि तो केंद्र चालवणारीलाही लागू आहे. तुला जमणार नाही अशी मला खात्री आहे, म्हणून हात जोडून सांगते.

वहिनी

१० मार्च

वहिनी,

जमलं.

मी पावणेसातला मागच्या फाटकातून गेले. बोरूच्या उंच गवताआड उभी राहिले. हातात छत्री, चोरासाठी. समोर पाण्याला लागून चार स्टुलं आणि चार पाठी. एक लठ्ठ बाई, पिशवी मांडीवर घेतलेली. एक तरुण मुलगी, केस अगदी बारीक कापलेले. एक म्हातारे, मान पाण्यातल्या बगळ्यासारखी पुढे काढून बसलेले. आणि टोकाला एक निळा स्वेटर. कोपरावर राखाडी लोकरीने रफू केलेला. निळी लोकर मिळाली नाही म्हणून राखाडीने रफू केला होता. मीच केला होता.

तोंड उघडलं होतं, वहिनी. ‘अहो’मधला ‘अ’ बाहेर पडायच्या बेतात होता. तेवढ्यात मागून कोणी तरी खांद्यावर हात ठेवला. माळीणबाई! ओठांवर बोट, दुसऱ्या हातात पाचवं स्टूल.

बसले. चौघांच्या थोडं मागे. पहिली पंधरा मिनिटं माझ्या डोक्यात नुसता बाजार भरला होता. न्हावी! दोन तास! माझ्यापासून लपवायचं काय कारण? मग आठवलं, हा तास मीच बंद केला. सहाला निघून, बस नाही म्हणून चार किलोमीटर चालत येताहेत हे लोक. माझ्यामुळे. माझ्याच स्टुलांवर चोरून बसायला. तेव्हा जे रडू आलं ते आवाज न करता कसं रडायचं हे मला ठाऊकच नव्हतं. लठ्ठ बाईंनी मागे न बघता हात लांब करून रुमाल दिला. त्यांच्या पिशवीत रुमालच असतात बहुतेक.

साडेसातच्या सुमाराला एक पाणकोंबडी पिलं घेऊन अगदी पायाशी आली. पाच की सहा, मोजायला यांनी मान वळवली आणि मी दिसले. कान लालबुंद झाले. मला वाटलं उठून जातील. उठले नाहीत. पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. थोड्या वेळाने स्टूल वीतभर बाजूला सरकवलं. मी माझं पुढे नेऊन तिथे ठेवलं.

आठला सगळे उठले, स्टुलं पुसली, मान हलवली आणि गेले.

परत येताना पुलावर हे म्हणाले, “वहिनींनी सांगितलं?”

“नाही. स्टुलं चोरीला जातात म्हणून आले.”

यावर इतके हसले की पुलाच्या कठड्यावर बसावं लागलं. वर्षभरात मी यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि हसता हसताच सांगायला लागले. चौदा महिन्यांपूर्वी, शाळेची बस, उतार आणि ब्रेक लागेना. मागे एकतीस मुलं गाणी म्हणत होती. यांनी बस रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घातली. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. मुलांना ती गंमतच वाटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाली, “काका, परत!”

“त्या टाळ्या अजून ऐकू येतात,” म्हणाले. “कुठे उतार दिसला की ऐकू येतात.”

मला तेव्हा एवढंच सांगितलं होतं की बसचं काम निघालंय आणि कंबर दुखते. चौदा महिने मी यांच्या कमरेला मलम चोळते आहे, वहिनी! कमरेला काहीही झालेलं नाही! मी विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, “तू इतक्या मनापासून चोळत होतीस.”

शनिवार पुन्हा सुरू केलाय. सात ते आठ गप्प बसणारे, दहाला परिचारिका. बस दोन फेऱ्या मारेल. मधल्या वेळात ड्रायव्हरदादा आणि माळीणबाई बिनकामाचे राहतात म्हणून पहिल्यांदा दोन्ही गट ठेवायचा विचारच केला नव्हता, पण दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं की तो मुद्दा मी सोडला. वहीत आकडेच राहतील.

यांना विचारलं, मी पण येऊ का दर शनिवारी? म्हणाले, “तू नको. तू विचार फार मोठ्याने करतेस.”

तुमच्यावर मी रागावले आहे. वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात बसून मलमाची चौकशी करत होतात! बुधवारपर्यंत रागावणार आहे. गुरुवारी वाफ्यांचं काम आहे, तेव्हा वेळ होणार नाही.

तुमची
धाकटी

१५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र बुधवारी आलं. म्हणून उत्तर शुक्रवारी लिहिते आहे.

माझी बाजू मांडत नाही. मलमाची चौकशी मी खरंच करत होते. भाऊजी पहिल्या दिवशी बसमधून उतरले आणि समोर मी उभी. मला बघून परत चढायला लागले. तेव्हा तो शब्द दिला, बसच्या पायरीवर. तुला सांगितलं असतं तर ते पुन्हा आले नसते. नाही सांगितलं तर तू रोज अंधारात. जाऊ म्हणून जीव तुटत होता आणि केंद्र चालवणारी म्हणून तोंडाला कुलूप. ऑपरेशन त्यापेक्षा सोपं गेलं.

पण चूक माझीही आहे, आणि ती तू दाखवलीस. दोन वर्षं मी एका पानावर नुसत्या खुणा करत होते. ते पान उद्या समितीने उघडलं असतं तर तुझ्यासारखंच बंद केलं असतं, आणि मी समजावलं तरी काय असतं? तू त्या तासापुढे काही तरी लिही. कोण येतं ते नको. बस बंद झाल्यावर किती लांबून चालत आले, ते लिही.

आणखी एक. मी एप्रिलच्या शेवटी येते आहे. समितीला पत्र पाठवलंय की यापुढे दोघी लागतील. माणसं माझ्याकडे, बाकी सगळं तुझ्याकडे. नाही म्हणायचा विचार असेल तर आधी ये, माझ्यासमोर उभं राहून म्हण. काठी आहे माझ्याकडे.

वहिनी

२६ मार्च

वहिनी,

मी लिहितोय हे बघून तुम्हाला नवल वाटेल. शाळा सोडल्यापासून पत्र लिहिलेलं नाही. ही म्हणाली, तुमचं तुम्ही कळवा, मी आता कोणाचे निरोप पोचवणार नाही.

तुमचे आभार कसे मानू? तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून मानत नाही. ही तुमच्याबरोबर काम करायला तयार आहे. कालपासून लाल वही नव्याने लिहून काढते आहे, अनुक्रमणिकेसकट.

तिला सगळं सांगितल्यावर मला धास्ती होती की आता रोज विचारपूस, रोज उपदेश. तसं काही झालं नाही. परवा रात्री जेवताना मी आपणहून त्या उताराबद्दल बोलायला लागलो. तिने ताटातला घास तसाच ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “संपलं? मग आता जेवा.” डॉक्टरांचीही वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यात दोघं जाणार आहोत. त्यांनी होकार दिल्याशिवाय मुलांच्या बसला हात लावायचा नाही, हे मी डेपोतही सांगून टाकलं.

आज मात्र एक गोष्ट केली. ड्रायव्हरदादा रिकामी मिनीबस धुऊन आणायला निघाले होते. मला म्हणाले, “तळ्यामागचा रस्ता आहे, सपाट आहे, कोणी नसतं. घेता का?” मी किती तरी वेळ नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. दादा मागच्या सीटवर जाऊन खिडकी पुसायला लागले. शेजारच्या सीटवर ही, मांडीवर तिचा तो तक्ता.

चावी फिरवली. सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, इतकी सावकाश चालवली. पण तळ्याला वळसा घालून, धुवायच्या जागी, तिथून शेडपर्यंत मीच आणली. हिने वाटेत हूं की चूं केलं नाही. उतरल्यावर माझे हात कापत होते. तिने बघितलं. मग घड्याळात बघितलं आणि तक्त्यात लिहिता लिहिता म्हणाली,

“सात मिनिटं उशीर. उद्या जरा लवकर निघू.”

तुमचा
भाऊजी